नीलमाचे तीन दिवस

मंडळी, आज सकाळी माझ्या वडिलांची, अप्पांची, नीलमाची अंगठी घेऊन चेन्नईत टी. नगरच्या सराफाकडे गेले होते. नातवाला साडेसाती लागलीय, म्हणून सुनेला ती त्याच्या मापाची करून हवी. इतक्या वर्षांत खड्यावर एक ओरखडा नाही.

सराफ म्हणाला, "अम्मा, आधी तीन दिवस त्याच्या उशाखाली ठेवा. नीलम मानवला नाही तर तो लगेच वाईट फळ दाखवतो."

मला एकदम साठच्या दशकातलं मद्रास आठवलं. एग्मोरचं आमचं घर, आणि अप्पांच्या उशाखाली हाच खडा.

अप्पा भयंकर तापट. सांबारात मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर जायचं. पण त्या तीन दिवसांत घरात काही वावगं घडलं असतं तर खडा परत करावा लागला असता. म्हणून ते जपून वागले. आवाज चढवला नाही. मला जवळ बसवून केळं सोलून दिलं. आईला विचारलं, "तू जेवलीस का?" ती पदर तोंडाला लावून आत गेली.

"लाभला गं बाई!" म्हणत आईनं देवापुढे दिवा लावला. अंगठी अप्पांच्या बोटात गेली, आणि त्याच संध्याकाळी ताट पुन्हा भिंतीवर.

तरी आई जन्मभर नीलमाचेच गुण गात राहिली.

अंगठी तशीच परत आणलीय. नातवाला देऊ की नको, तुम्हीच सांगा. मला सलतंय ते वेगळंच. "अप्पा, ते तीन दिवस खड्याचे नव्हते, तुमचे होते," एवढं आमच्यापैकी कुणीच त्यांना कधी म्हटलं नाही.