मी ताईचा धागा कापला

आधी सरळ सांगते, चूक माझी होती. मी पत्रकं लिहायचे. 'भूतबाधा नसते, भीती हा आजार आहे, आजाराला दवाखाना आहे,' असं ठळक अक्षरात छापून पिंपळगाव राजाच्या बाजारात वाटायचे. ते वाक्य मला आजही चुकीचं वाटत नाही. पण घरात माझी सख्खी मोठी बहीण फवारणीच्या पंपाचा आवाज आला की मोरीत जाऊन बसायची, आणि तिच्याही हातात मी तेच पत्रक दिलं होतं.

त्या वर्षी बीटीची कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. या बियाण्याला फवारणी लागतच नाही, असं सांगून विकणारेच अळी पडल्यावर औषधाच्या बाटल्या विकत होते. फवारणाऱ्याला तोंडावर बांधायला साधं फडकं कोणी दिलं नाही. आमच्या वावरात शेजारचे काका फवारत होते, ताई पंपात पाणी भरून देत होती. काका तिच्यासमोर कोसळले. ती ओरडत गावाकडे पळाली. माणसं पोचेपर्यंत काका गेले होते.

तेव्हापासून ताईची झोप उडाली. आईनं दर्ग्यावरून काळा धागा आणून तिच्या मनगटाला बांधला. त्यानंतर ती दोन घास खाऊ लागली. हे मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, गोळ्या दिल्या, आठवड्यानं परत बोलावलं. परत जायच्या आदल्या दिवशी मला लाज वाटली. पत्रकं वाटणारीच्या बहिणीच्या हातात धागा! मी कात्री घेतली.

"काऊन कापून राह्यली वं?" आई म्हणाली. "तुह्यं काय खाते तो? तुह्या कागदानं पोरीले एक घास तरी गेला का?"

ताईनं हात पुढं केला. मला वाटलं, तिला पटलं.

सकाळी गाडीची वेळ झाली तर ताई घरात नाही.

मी आधी गुरांच्या कोठ्यात धावले. औषधाच्या बाटल्या ढेपेच्या पोत्यामागं असायच्या, ना कडी ना कुलूप. बाटल्या होत्या. पण काल किती होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मग विहीर. काठावर गेले, पण वाकून बघायची हिंमत होईना. मागून आई विचारत होती, "दिसली का वं? बोल ना!" शेवटी वाकले. पाणी हलत नव्हतं.

राहिली कपाशी. आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. हाक मारायचीही भीती वाटली. ओ आली नाही तर?

काका पडले होते तिथंच ताई बसली होती. पुढ्यात तांब्या, माती ओली.

"काका पाणी मांगत होते," ती म्हणाली. "मी दिलं नाही, पयाली. धागा होता तवा वावराच्या धुऱ्यावरच उभे राहत. काल खाटीपाशी आले."

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मीही नाही. 'भूत नसतं' हे ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं.

"अजून मांगतात?"

"हाव. तुले दिसतात?"

"मले नाही दिसत. पण आणू का अजून पाणी?"

तिनं विचार केला. "आजच्यापुरतं झालं."

आजच्यापुरतं. म्हणजे उद्या होताच. मी तिला तसंच, मातीच्या पायांनी, दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, "गोळ्यांचं मागून. आधी हिले पाण्याचं सांगू द्या." त्यांनी बाहेरच्या रांगेकडं पाहिलं. मी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.