दक्षिणेचं दार

अकोल्याच्या जठारपेठेतलं आमचं घर विकायला काढलं ते वडिलांच्या गुडघ्यांपायी. मी अमरावतीला शाळेत शिकवते, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वडिलांना एकटं राहणं जमेनासं झालं तेव्हा शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली, तिथून पुढे अक्षरशः उचलून. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. जन्मभर पायी गावभर पूजा सांगत हिंडलेला माणूस आता गॅलरीतून वाकून मला विचारतो, गाड्यावर आज भाजी काय आली.

बडनेरा रोडला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मी पाहून ठेवल्या होत्या. पुढे जरासं अंगण, कोपऱ्यात तगरीचं झाड. अकोल्याचं घर गेलं की त्या घ्यायच्या आणि वडिलांची खुर्ची अंगणात टाकायची, एवढंच माझं स्वप्न. मालक भला होता, थांबतो म्हणाला. त्याच्याकडेही दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

कारण गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. दलाल आधी रोज फोन करायचा, मग आठवड्याने, मग मीच करायला लागले. मार्केट थंड आहे ताई, हे त्याचं पालुपद. नवे फ्लॅट रिकामे पडलेत, तुमच्या जुन्या घराले कोण विचारते, असंही एकदा बोलला. त्याचा राग आला, पण खोटं बोलत नव्हता. मी रविवारी गाडीने जायची, कुलूप काढायची, जाळ्या झाडायची आणि ‘पार्टी’ची वाट बघत पायरीवर बसायची. ‘घर विकणे आहे’ या पाटीतलं ‘विकणे’ उन्हाने उडून गेलं. नुसतं ‘घर आहे’ राहिलं. ते तर मलाही ठाऊक होतं.

जे यायचे ते खोल्या बघायच्या आधी रस्त्यात उभं राहून सूर्य कुठे आहे ते बघायचे. आमचं दार दक्षिणेला. तेजीत लोक डोळे झाकून घेतात. मंदीत प्रत्येकाला शास्त्र आठवतं. आणि गंमत अशी, की हे शास्त्र या भागाला शिकवलं कुणी, तर आमच्याच वडिलांनी. अर्ध्या पेठेची वास्तुशांत त्यांनी केलेली. दक्षिणेचं दार घेऊ नका, हे प्रत्येकाला बजावलेलं. स्वतः मात्र तसलंच घर घेतलं, कारण कुणी घेत नव्हतं म्हणून ते स्वस्तात मिळालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मी त्यांना चिडवायची. ते हसायचे नाहीत.

घराला मागेही एक दार आहे. ते पूर्वेला, एका बोळात उघडतं. बोळ इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटावं. परीक्षेला, प्रवासाला वडील आम्हाला तिथूनच काढायचे. तिकडून जवळ पडतं म्हणायचे. पडत नसे. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा कार्यालयात जायला मी त्याच बोळातून निघाले, शालू दोन्ही हातांनी वर धरून, भिंतीचा चुना खांद्याला लावून. वडिलांचा एकेक हेका, म्हणून मी सोडून दिलं होतं.

शेवटी एक पार्टी खरंच आली. फुलांचा व्यापारी. त्याचे वडील आमच्याकडच्या पूजांना हार-फुलं द्यायचे. त्याला घर आवडलं, भाव पटला, बायकोने तर स्वयंपाकघरात फ्रीज कुठे ठेवायचा तेही ठरवलं. फक्त दार. महाराजांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एकदा विचारतो, म्हणाला. मी मनात म्हटलं, सुटलो. घर त्यांचंच, शास्त्रही त्यांचंच.

पुढच्याच रविवारी नवरा-बायको अमरावतीला आले. शेवंतीची ओंजळभर फुलं वडिलांच्या पायाशी ठेवून तो खाली बसला.

“महाराज, बापू गेले, पन घरात अजून तुमचाच शब्द चालते. तुमी घ्या म्हणान त घेतो.”

वडिलांनी एक फूल उचललं आणि बराच वेळ बोटांत फिरवलं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. एक ‘घे’, एवढंच हवं होतं.

“तुझ्या बापाले मी दक्षिणेचं दार नको म्हटलं होतं,” ते म्हणाले. “आता माझं आहे म्हणून घे कसं म्हणू?”

त्याने वाद घातला नाही. दोघांनी चहा घेतला, नमस्कार केला, गेले. मी मात्र वडिलांवर तुटून पडले. आपलेच दात, आपलेच ओठ. माझे रविवार काढले, त्यांचे गुडघे काढले, अंगण काढलं. शेवटी म्हटलं, एवढं होतं तर आम्ही कसे राहिलो त्या घरात? काय वाईट झालं आमचं?

“तुमाले मांगच्या दारानं काढत होतो,” ते म्हणाले. “तुझ्या आईच्या वेळेस स्ट्रेचर बोळातून निघालं नाही. पुढूनच न्यावं लागलं.”

आई दवाखान्यातून परत आली नव्हती. तिला कावीळ झाली होती, उशिरा कळली होती, दाराचा काय संबंध, हे सगळं मी त्यांना सांगितलं.

“मले समजते,” ते म्हणाले. “पण त्याची बायको पाहिली ना तू? कशी खूश होती.”

माझा राग कुठे गेला कळलं नाही. इतकी वर्षं हा माणूस ते मनात घेऊन लोकांच्या वास्तुशांती करत होता आणि मी त्याला चिडवत होते. मी शेवंतीची फुलं गोळा केली आणि देवापुढे ठेवली.

बडनेरा रोडच्या खोल्या गेल्या. अंगणात आता दुसऱ्या कुणाची तरी स्कूटर उभी असते. दलाल म्हणतो, अजून भाव उतरवा. मी अकोल्याला जाते, पण कुलूप आता मागचं काढते. बोळ दूर पडतो, तरी तिकडूनच जाते.

वडील तिसऱ्या मजल्यावरच आहेत. परवा मी त्यांची उशी सारखी करत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, आपल्या जिन्याच्या वळणावरून स्ट्रेचर निघते का. निघतं, म्हणाले मी.