ज्याचं पत्र आधी, त्याचं पोर

अख्ख्या मराठवाड्यात खऱ्या अर्थानं सभ्य असा एकच माणूस शिल्लक आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी बायकोच्या दडपणाखाली लिहीत नाही. उंची पाच फूट दोन इंच, मुक्काम नांदेड, आणि हुद्दा अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक. ते कॉलेज बर्फात आहे म्हणे. साडूंनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय आणि बास्केटबॉलला जन्मात हात लावलेला नाही. पण कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात हात लावायचाच नसतो. चित्रंसुद्धा नाहीत, नुसती नावं आणि आकडे. जगभरातले हौशी लोक एकेक कॉलेज घेतात आणि शाळेतून निघणारी उंच पोरं आपल्या संघात ओढायला झटतात. पोरं खोटी, त्यांना घातलेली पत्रं खोटी, चढाओढ तेवढी खरी. तिच्या रीतीभाती कुठंच लिहिलेल्या नाहीत, म्हणूनच साडू त्या जिवापाड पाळतात.

ज्या पोराला दुसऱ्यानं आधी पत्र घातलं, त्याच्या वाटेला जायचं नाही. जिंकलो तर हरलेल्याला दोन नम्र ओळी लिहायच्या. प्रतिस्पर्ध्याच्या घरी लग्न असेल तर त्या आठवड्यात त्याच्या पोरांकडं बघायचंसुद्धा नाही. साडूंच्या शेजारचं कॉलेज लातूरच्या एका गृहस्थांकडं होतं. दोघं कधी भेटले नाहीत, पण पत्रव्यवहार असा की सोयरिकीची बोलणी वाटावीत. "आपण त्या पोराच्या घरी आधी जाऊन आलात असं दिसतं, मी बाजूला होतो," असं साडू मोठ्यानं वाचत लिहिणार, आणि मेहुणी आतून विचारणार, "कुणाचं पोर? गिरणीतून दळण कोण आणणार?"

गंमत म्हणजे दिवसा साडूंचा धंदा हाच होता, फक्त रीतभात वजा करून. ते एका क्लासचे माणूस. दहावीचा निकाल लागला की पेढ्यांचा पुडा घेऊन तालुक्यातल्या पहिल्या नंबराच्या घरी थडकायचं, फुकट प्रवेश आणि फुकट होस्टेल कबूल करायचं आणि विद्यार्थी आपल्या होर्डिंगसाठी उचलायचा. एकाच मुलाचा फोटो चार क्लासच्या होर्डिंगांवर, दरवेळी निराळ्या रंगाच्या टायमध्ये, मी स्वतः पाहिलाय. लातूरचे गृहस्थही याच धंद्यातले.

एका वर्षी हिमायतनगरच्या पहिल्या आलेल्या मुलीसाठी क्लासच्या मालकांनी साडूंना धाडलं. ती आली नाही तर तुम्हीही येऊ नका, असं वर बजावलं. साडू पोचले, पाणी प्याले, आणि त्यांना फळीवर पेढ्यांचा दुसरा पुडा दिसला. वर लातूरच्या त्याच गृहस्थांचं कार्ड. वडिलांनी अजून कुणालाच होकार दिला नव्हता. उलट नांदेड जवळ पडतं म्हणून ते खुशीत होते. साडू उठले. म्हणाले, "त्यांचं बोलणं आधी झालंय. ते नको म्हणले तर मला बोलवा." स्वतःचे पेढे तिथंच ठेवून ते बसनं परत आले. मुलगी लातूरला गेली, साडूंची नोकरी गेली, आणि मुलीचा फोटो लातूरवाल्यांच्या होर्डिंगवर साडूंच्याच जुन्या क्लाससमोर झळकला.

मी चिडून त्यांची अक्कल काढली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, भूकंपात मी दहा वर्षांचा होतो. पत्र्याच्या शेडसमोर ब्लँकेटसाठी रांग लागायची. उभं राहवत न्हाई त्यानं पडल्या घराचा दगड रांगेत ठेवायचा. माझ्या आईचा पाय मोडलेला, तिचा दगड लई मागं होता. ट्रक रिकामा होऊन राहिला, पण त्या दगडाला ओलांडून कोणी पुढं गेलं न्हाई."



खेळातला हंगाम संपताना लातूरहून पत्र आलं. एका सात फुटी पोरावर दोघांचाही डोळा होता, पण पहिलं पत्र लातूरचं, म्हणून साडू लांबूनच उसासे टाकत होते. गृहस्थांनी लिहिलं, "हिमायतनगरचं कळलं. मी मागं सरतो, हा पोरगा तुमचा." साडूंना ते कसं चालावं? पहिलं पत्र त्यांचं ना! साडूंनी हातच लावला नाही. दोघं जणू दारात एकमेकांना "आधी तुम्ही" करत उभे राहिले आणि तेवढ्यात तिसऱ्याच कॉलेजनं पोरगा नेला.

हल्ली साडू घरीच गणिताच्या शिकवण्या घेतात. परवा गेलो तेव्हा मी मुद्दाम खोचकपणे म्हटलं, नोकरी गेली, तो पोरगाही गेला, काय मिळवलंत? साडूंनी ऐकलंच नाही. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. सासरी गेलेल्या लेकीचं पत्र दाखवावं, तसा चेहरा.

"बघा, काल आपल्या त्या सात फुटी पोरानं बावीस पॉइंट टाकले," ते म्हणाले. "लातूरला कळवून राहिलो."