खाप्यावरून जाणारी गाडी

रुखमाबाईंना कुणाचे उपकार घेणं कधी जमलं नाही. अख्खा जन्म खापा गावच्या अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळण्यात गेला. अशा खमक्या बाईला किडन्यांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी नागपूर गाठणं नशिबी आलं.

एकटीनं गाडी करणं आवाक्याबाहेरचं. मग त्याच सेंटरचे दोन पेशंट, सावनेरचे मधुकरराव आणि केळवदची मिनल, यांच्याबरोबर तिघांत एक गाडी ठरली. तिघं असले तरच भाडं परवडायचं. पण ते दोघं हमरस्त्यावरचे. खाप्याचा फेरा पडायचा तो फक्त रुखमाबाईंसाठी.

त्यात सावनेरलाच चौथा पेशंट निघाला. विहंग, मोबाइल दुरुस्तीवाला. हे रुखमाबाईंच्या कानावर आलं. आता त्यांच्यावाचूनही तिघं होत होते, वर फेरा वाचत होता. कुणी तोंडावर नाही म्हणायच्या आत त्यांनीच मधुकररावांना फोन लावला.

"भाऊ, मी आता एसटीनं येत जाईन. मले तेच सोपं पडते."

डायलिसिसनंतर बाईच्या पायांत उभं राहण्याचंही त्राण नसतं, हे मधुकरराव दर खेपेला बघत होते. तरी ते नुसतं "बरं" म्हणाले. रुखमाबाईंना फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन स्टँडकडे निघाल्या, तर गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी. मिनलनं दार उघडलं.

"चाला मावशी."

"अवं, पण मी तं सांगतलं होतं नं भाऊले!"

"सांगतलं, मी ऐकलं," मधुकरराव पुढून म्हणाले. "विहंगले पयलेच सांगून ठेवलं, आपली गाडी खाप्यावरून जाते. पटत असन तं बस."

"आज सोयीसाठी तुमाले काढलं," मिनल म्हणाली, "तं उद्या कोणी आणखी सोयीचा भेटला की मले काढतीन. मंग अशा गाडीत बसाचं काहून?"

रुखमाबाईंना भरून आलं. कुठले कोण हे लोक, आणि आपल्यासाठी एवढा रस्ता वाढवून येतात! डोळे पुसत त्या आत बसल्या. शेजारी विहंग अंग चोरून बसला होता. त्याची आज पहिलीच वेळ. त्यानं हळूच विचारलं, "मावशी, सुई लय दुखते का?"

रुखमाबाईंनी त्याचा गार पडलेला हात धरला.

"दुखते, बाबू. पण मी बाजूच्याच पलंगावर राहीन. आवाज दे."