साहेबांची शिक्षा

मानवाधिकाराचं ट्रेनिंग देणाऱ्या वकिलाकडे किस्से फार साचतात, कारण निकाल फार कमी लागतात! पक्षकार पुढची तारीख घेऊन घरी जातो, किस्सा आमच्याकडे राहतो. मी अलिबागला प्रॅक्टिस करते आणि सुट्टीच्या दिवशी शिबिरं घेते. हल्ली हे सांगतानाही दमायला होतं, पण ऐका.

*

पोलिसांसाठी पहिलंच शिबिर. मी विचारलं, "अटक केल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय सांगायचं?"

मला हवं होतं, अटकेचं कारण. मागून एक हवालदार उठले. "गप गाडीत बस!"

अख्खा हॉल हसला. खरं सांगायचं तर मीही हसले.

*

मग रेवसजवळच्या एका गावात बायकांचं शिबिर. तासभर मी कायदा समजावला. शेवटी एक आजी म्हणाली, "बाय, ह्या आमाला कशाला सांगतस? पोलिसांना सांग ना!"

"त्यांनाही सांगते, आजी."

"मंग ते काय बोलतान?"

"लोकांना सांगा म्हणतात!"

*

गजानन दिघीकडचा. मच्छीमार बोटीवर खलाशी. बोटीचं इंजिन चोरलं म्हणून त्याला पोलीस स्टेशनला नेलं आणि इतकं मारलं, की डावा कान कायमचा गेला. इंजिन पुढे भलत्याच माणसाकडे सापडलं. गजाननला 'जा घरी' म्हणाले, बस्स!

आम्ही तक्रार केली. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "मारताना कुणी पाहिलं का?"

"व्हय साहेब."

"कुणी?"

"मारनाऱ्यांनी!"

*

मी स्टेशनचं सीसीटीव्ही फुटेज मागितलं. उत्तर आलं, "कॅमेरा बंद होता."

"नेमका त्याच दिवशी?"

"छे छे मॅडम, तसा आरोप करू नका. तो रोजच बंद असतो!"

*

दर तारखेला गजानन आणि त्याची बायको सुमन दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला यायची, तिथून एसटीने अलिबागला. बहुतेक वेळा चौकशी अधिकारी रजेवर. एकदा कॅन्टीनमध्ये सुमन मला म्हणाली, "सगल्या बायका बोलतान, नवरा माझा आयकत न्हाय. मी गप बसते. माझ्याचं मेडिकल सर्टिफिकेट हाय!"

ती हसली.

*

अखेर चौकशी संपली. मारहाण झाली, हे मान्य. मारणाऱ्या साहेबांना शिक्षा काय? सक्त ताकीद, आणि मानवाधिकाराचं एक दिवसाचं ट्रेनिंग.

म्हणजे माझंच!

मी गजाननला फोनवर सांगितलं. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं. "आयकलं, मॅडम," तो म्हणाला.

शिबिराच्या दिवशी हॉलच्या दारात गजानन उभा. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले.

"तू कशाला आलास रे?"

"शिक्षा कशी देतात ती बघाया."

त्याला बाहेर काढायचं माझ्या जिवावर आलं. तो सरळ आत गेला आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. मी माईक हातात घेतला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. साध्या कपड्यातला कुणी स्टाफ असेल असं वाटलं असावं. छान हसून त्यांनी विचारलं, "कुठल्या स्टेशनचे तुम्ही?"

"तुमच्याच," गजानन म्हणाला.