आतली कडी

गल्लीत कुजबुज अशी होती, की इस्त्रीवाली नवऱ्याला घराबाहेर ठेवते आणि आतून कडी लावून घेते. ज्या कुलूपवाल्याने अर्ध्या गावाची अडकलेली दारं उघडून दिली, त्याला स्वतःचंच दार उघडत नाही. असा आयता मसाला हाती आल्यावर कोण सोडतो? चहा निवून जायचा, पण विषय निवायचा नाही.

कुलूपवाल्याचा हात म्हणजे लोण्यासारखा. गिऱ्हाइकाच्या कुलपाशी बोलतोय असं वाटावं इतकं हळू काम. बायकोवर मात्र तोच हात जड पडायचा. तिने खोलीत कोंडून घेऊ नये म्हणून त्याने घरातल्या सगळ्या आतल्या कड्या उतरवल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवून वर रंगाचा हात. काम इतकं सफाईदार, की येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागू नये.

तिचं मनगट मोडलं, तेव्हा हॉस्पिटलातून तिला समुपदेशनवाल्या मॅडमकडे पाठवलं. तो दुकानात झोपायला लागला आणि मारणाऱ्या नवऱ्यांच्या वेगळ्या गटात जाऊ लागला.

"दोघांना एकत्र बसवायचं की नाही, ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणाल तरच. आधी तुम्ही एकट्या."

तिचं दुखणं मनगटापुरतं नव्हतं. रस्त्यात कुणाच्या किल्ल्या वाजल्या की लाँड्रीत तिचा हात जागच्या जागी थिजायचा. त्यात एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट पाठीवर करपला. मॅडमनी तिला शिकवलं, पाय जमिनीवर दाबायचे आणि समोर काय दिसतं ते म्हणायचं. पंखा. टेबल. माझा हात. महिने गेले. एक दिवस तीच म्हणाली, "बसून बघते."

ठरलं असं, की त्याने किल्ल्या बाहेर ठेवायच्या, ती दाराजवळ बसणार आणि तिने हात वर केला की सगळं थांबणार. त्याला घरी परत घ्यायचं का, हे त्या बैठकीवर होतं.

बाहेरच्या बाकावर नणंदबाई हजर होत्याच. "वहिनी, माझा भाऊ मेणासारखा मऊ झालाय. किती ताणायचं?"

"वन्सं, मेण आहे का ते इस्त्री जवळ नेऊन बघते आधी."

आत सुरुवात बरी झाली. तो खाली मान घालून बोलत होता. मग घाम पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला आणि आत राहिलेल्या दुकानाच्या जादा किल्ल्या खुळखुळल्या.

तिचा हात वर गेला.

"थांबलो," मॅडम म्हणाल्या.

"अगं, चुकून राहिल्या. एवढ्याशा किल्ल्यांचं काय..."

त्याच्या मानेवरची शीर फुगली. ती शीर तिला पाठ होती.

"समजावू नका," मॅडम त्याला म्हणाल्या. "बाहेर जा."

तो उठला, आणि तेव्हा तिघांच्याही लक्षात आलं. ती दाराजवळ होती, म्हणजे बाहेर जायला त्याला तिच्यासमोरूनच जावं लागणार. मॅडम उठून मध्ये उभ्या राहिल्या. पंखा, ती मनात म्हणाली. टेबल. पुढचं काही सुचेना. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दोन्ही पंजे उघडे धरले आणि पलीकडच्या भिंतीला पाठ घासत तो बाहेर गेला.

हात खाली घेत ती म्हणाली, "आवाज बदललाय मॅडम. मान तीच आहे. घरी नको."

"बरं."

"चिडतील."

"चिडायला बंदी नाही. हात लावायला आहे. त्यांना मी सांगेन, तुम्ही घरी पोचल्यावर."

ती पायरीवर थबकली. "आणि कड्या परत बसवा म्हणावं. सगळ्या. मी कामावर असताना."

तो भर दुपारी आला. पुट्टी कोरून जुनी भोकं मोकळी केली. नणंदबाई स्टुलाशेजारी उभ्या राहून एकेक स्क्रू हातात देत होत्या. पहिल्या दाराशी त्यांनी विचारलं, "इथली कधी निघाली रे?" त्याने सांगितलं, आणि का काढली तेही. पुढच्या दारांना त्यांनी काही विचारलं नाही. ती यायच्या आत तो निघून गेला.

ती आतून कडी लावते हे खरं आहे. कडी त्यानेच बसवली. तो दुकानात झोपतो, कारण तिने अजून हो म्हटलेलं नाही.