मागून येणारी स्कूटर

बस्त्यावकाका गाडीच्या टपावर कॅरियर बसवून द्यायचे, त्यावर गिऱ्हाइकाचं सामान स्वतःच्या हातानं बांधायचे, आणि मग हेल्मेट चढवून आपल्या जुन्या स्कूटरवरून त्या गाडीच्या मागोमाग निघायचे. वसईतल्या पापडीहून निघालेली गाडी हायवेला लागेपर्यंत ते मागं असत. तेही लांबून नाही. टपावरून काही सुटलंच तर ते जिथं येऊन पडेल, बरोबर तिथं. हायवेच्या अलीकडे हॉर्न वाजवून गाडी थांबवायची, एकेक पट्टा पुन्हा ओढून बघायचा आणि म्हणायचं, "आता जा." तुम्ही कशाला येता मागून, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे. "पडलं तर बांधनाऱ्यावर पडू दे. मागनं येनाऱ्याचा काय गुना?"

असं करणारा माणूस धाडसी असेल असं वाटेल. ते मुळीच तसे नव्हते. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते पाचूबंदरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. ऐन विशीत एका वादळात त्यांची होडी उलटली. ते वाचले, पण पुन्हा होडीत पाय ठेवायची हिंमत झाली नाही. बरोबरीची पोरं समुद्रावर जात आणि हे किनाऱ्यावर दोऱ्या वळत बसत. गावात त्यांना 'भेकड बस्त्याव' म्हणत. हे मला त्यांनीच सांगितलं, दुकानाचा पत्ता सांगावा तितक्या सहज. "मी भेकड हाय, म्हनूनच माझी गाठ सुटत नाय," असं वर म्हणाले. पापडीत त्यांचं पत्र्याचं छोटं दुकान होतं. सायकली, क्रिकेटच्या किट, फुटबॉलच्या जाळ्यांचे खांब, ज्याला जे टपावरून न्यायचं असेल त्याप्रमाणे ते कॅरियर निवडून देत. वसईत या कामात त्यांच्या नावाला वजन होतं. त्या नावाचं मी जे केलं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

माझी मुलगी इरा तेव्हा सोळा वर्षांची होती आणि कयाकिंग शिकत होती. हायवेपलीकडच्या एका धरणावर दर रविवारी सराव असे. क्लबनं तिला एक जुनी लाल कयाक घरी ठेवायला दिली. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली करड्या रंगाची एसयूव्ही होती. टपाच्या दोन्ही कडांना लांब चंदेरी रेल होत्या आणि मला त्यांचा उगाच अभिमान होता. क्लबमधल्या एका पालकानं बस्त्यावकाकांचं नाव सांगितलं, म्हणून मी इराला घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"वर काय न्यायचं?" त्यांचा पहिला प्रश्न.

"कयाक. बारा फुटी."

"म्हंजे होडीच." त्यांचा चेहरा पडला. "जिला पान्यात सोडून आलो, ती आता टपावर बसायला दुकानात आली."

इरा हसली. मी मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळंभोर, टोपलीसारखं कॅरियर, गाडीला रुबाब येईल असं.

"साहेब, गाडी मिरवायची का होडी न्यायची? ही टोपली बॅगांसाठी. लांब वस्तूला दोन आडव्या पट्ट्या लागतात, एकमेकींपासून जमेल तेवढ्या लांब. वर दोन पट्टे आवळायचे, आनि एक दोरी नाकाला, एक शेपटीला. नाक बांधलं नाय तर वारा तिथनंच आत शिरतो."

मग ते स्टुलावर चढले आणि माझ्या चंदेरी रेलखाली नख फिरवू लागले. बराच वेळ फिरवत राहिले.

"ही वजन घेते असं शोरूमवाल्यानं सांगितलंय?"

मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"ही नटवायला लावलीय. खाली चिकटपट्टी हाय आनि दोन बारके क्लिप. हिला होडी बांधली तर होडी जाताना हिला घेऊन जाईल."

खरा उपाय होता तो दाराच्या चौकटीत पकड घेणारे चार पाय बसवण्याचा. प्रत्येक गाडीचे पाय वेगळे, माझ्या गाडीचे मागवावे लागणार होते. आठ-दहा दिवस लागतील, म्हणाले. इराची निवड चाचणी पाच दिवसांवर होती.

"मग या रविवारी टेम्पो कर."

"काका, तुम्ही जरा जास्तच घाबरता," मी म्हणालो.

"भ्यायचं ते आधी, साहेब. मागनं भिऊन कोनाचं भलं झालंय?" मग इराकडे वळून म्हणाले, "बाय, होडी पान्यात उलटली तर हसावं. रस्त्यात उलटली तर नाय हसता येत. सांग तुझ्या बापाला."

त्यांनी गाडीचा नंबर लिहून घेतला. मी मान डोलावली आणि निघालो.

शुक्रवारी मी हायवेवरच्या दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं वीस मिनिटांत त्याच रेलवर दोन आडव्या पट्ट्या आवळल्या. वजन घेईल ना, असं मी विचारलं. "बिनधास्त, सर. सगळे हेच लावतात." मला ऐकायचं होतं तेच त्यानं सांगितलं. इरा म्हणाली, "बाबा, पण ते काका म्हणाले होते..." मी म्हणालो, "त्यांना होडीचीच भीती आहे."

रविवारी सकाळी आम्ही हायवेला लागलो. वारा होता. टपावरून बारीक घुमल्यासारखा आवाज येत होता. मग त्यात टक्, टक् असा दुसरा आवाज मिसळला. "बाबा, काहीतरी वाजतंय," इरा म्हणाली. मी म्हणालो, "वाऱ्याचं असेल." खरं हे की तो आवाज मी तिच्या आधी ऐकला होता. थांबलो तर उशीर होईल आणि तिच्या देखत माझी चूक उघडी पडेल, या दोन भीतींपुढे तिसरी, खरी भीती मी ऐकली नाही. तीन-चार किलोमीटर तसाच गेलो.

मग वर कडाडलं. मागच्या काचेवर सावली पडली आणि गाडी एकदम हलकी झाली. आरशात मला कयाक दिसली. ती हवेत उभी होती, लाल, आणि तिला माझ्या दोन्ही चंदेरी रेल लटकत होत्या. तिच्यामागं एक स्कूटर होती.

स्कूटरवर नवरा-बायको होते. कयाक त्यांच्या अंगावर पडली नाही. ती चुकवताना ते पडले. त्याला खरचटलं आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मागून ट्रक येत असता तर काय झालं असतं, ते मी आजही रोज बघतो. गाडीत बसलं की आरशात बघतो, लाल काही दिसलं की पाय ब्रेकवर जातो.

हॉस्पिटलच्या बाकावर मी, इरा आणि त्या बाईचा नवरा बसलो होतो. तो शांत माणूस होता. त्यानं विचारलं, "कॅरियर कोणी बसवलं होतं?"

विचार करायला मला वेळ मिळाला नव्हता, असं मी कित्येक महिने स्वतःला सांगितलं. वेळ मिळाला होता. मी म्हणालो, "पापडीला बस्त्याव म्हणून आहेत, त्यांनी."

हेच नाव का? कारण ते खात्रीचं होतं. त्यांच्याकडून बसवून घेतलेलं पडलं, तर मी काळजी घेतली होती असा अर्थ निघत होता. मी त्यांच्या चांगल्या नावामागं लपलो. इरानं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी तेच लिहिलं.

तो माणूस दुसऱ्या दिवशी पापडीला गेला आणि चार लोकांदेखत त्यांना खूप बोलला. तिथं असलेल्या एका ओळखीच्यानं मला नंतर सांगितलं. बस्त्यावकाकांनी आधी विचारलं, "बाईला किती लागलं?" मग एवढंच म्हणाले, "गाडी माझ्या दारात आली होती. मी जाऊ दिली." ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. गिऱ्हाइकं तुटली. मी पापडीवरून जाणं सोडलं. बाजाराला जायचं तरी सांडोरकडून वळसा घालत असे.

दोन महिन्यांनी एकदा धीर करून गेलो. माफी मागायचं वाक्य वाटेत पाठ केलं होतं. ते स्टुलावर बसून दोरीचं टोक वळत होते. त्यांनी आधी माझ्या गाडीच्या टपाकडे पाहिलं. रेल गेल्या होत्या तिथं दोन फिकट रेघा होत्या.

"त्या बाईचा हात वर जातो का आता?"

"जातो."

"आनि पोरगी?"

"ती टेम्पोनं जाते. माझ्या गाडीवर होडी ठेवू देत नाही."

"शानी हाय." दोरीला आणखी एक पीळ देऊन म्हणाले, "तू भितोस अजून."

"हो."

"कोनाला?"

ते थांबले. मला वाटतं, त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मग पुन्हा दोरीकडे वळले. मी ते पाठ केलेलं वाक्य तसंच घेऊन गाडीत बसलो. टपावर काही नव्हतं, तरी मी वळेपर्यंत ते रस्त्यात उभं राहून गाडीकडे बघत होते.

काही महिन्यांनी दुकान बंद झाल्याचं कळलं. मग ईस्टरच्या आधी ते गेले. झोपेतच. मातीला जायची माझी छाती झाली नाही. चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर पाचूबंदरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी आंजेलकाकू ओट्यावर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, तशा त्या उठून आत गेल्या आणि एक खोका घेऊन आल्या. खोक्यावर खडूनं माझ्या गाडीचा नंबर होता. आत दाराच्या चौकटीत बसणारे चार पाय होते, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले.

"तुमचं ते झालं, त्याच्या मागनं आठवड्यानं आलं हे," त्या म्हणाल्या. "दुकान आवरताना सगलं इकलं. हे नाय इकू दिलं. बोलले, तो येईल."

खोका माझ्या हातात होता. त्या पुढं म्हणाल्या, "साहेब, त्यांना माफ करा. म्हातारपनी हात चुकला त्यांचा. मी लय बोलले तवा. बोलले, आता तुज्या हाताचा भरोसा नाय, बंद कर दुकान. ऐकलं त्यांनी माझं."

ते कॅरियर आपण बसवलंच नव्हतं, हे घरातसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

हायवेवर आरशात पाहताना भ्यालो नसेन तेवढा मी त्या ओट्यावर भ्यालो. त्या माफी मागत होत्या. मी गप्प राहिलो असतो तर तेवढ्यावर सगळं मिटलं असतं, कायमचं. मी सांगितलं. कुठल्या दुकानात गेलो, टपावरचा आवाज, हॉस्पिटलचा बाक, सगळं.

त्या म्हणाल्या, "आनि मी त्याच्या हाताला बोलले." मग त्यांनी पुढं होऊन खोका माझ्या हातातून काढून घेतला.

"तवा ज्याला ज्याला सांगितलंस, त्याला सांगून ये. मग ने."

त्याच संध्याकाळी मी त्या नवरा-बायकोकडे गेलो. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी त्या म्हाताऱ्याला चारचौघांत खुनी म्हणालो होतो." बायकोनं मला पाणीही विचारलं नाही, आणि बरोबरच केलं. रात्री ग्रुपवर लिहायला बसलो. पाठवण्याआधी इरानं मोबाइल मागितला. 'माझ्याकडून गैरसमज पसरला' असं मी लिहिलं होतं. तिनं 'गैरसमज' खोडलं आणि तिथं 'खोटं' लिहिलं. मग मोबाइल परत दिला. पाठवायचं काम माझ्याकडेच ठेवलं.

पण त्या ग्रुपमधल्यांनी पुढं कुणाकुणाला सांगितलं, पापडीत त्या दिवशी कोण कोण उभं होतं, ते मला माहीत नाही. त्यामुळे खोका अजून आंजेलकाकूंकडे आहे. ज्यांच्यापर्यंत ते खोटं पोचलं असेल आणि ज्यांना मी ओळखत नाही, त्यांच्यासाठी इथं लिहितो. त्या रविवारी माझ्या गाडीवरचं कॅरियर बस्त्यावकाकांनी बसवलेलं नव्हतं. त्यांनी बसवलं असतं, तर माझ्या मागच्या स्कूटरवर ते असते, आणि काहीही पडलं नसतं.